शेजारणीचे तीन देश

माझे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सुट्टीच्या दिवशी नागपुरात इतवारीला किराणा घ्यायला गेलो, की ते आधी तराजूचं पारडं उचलून खालून बघत. चिंचेचा गोळा चिकटवलेला आहे का, ते. बहुतेक वेळा नसायचा. तरी पुढच्या खेपेला पुन्हा बघत. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं, की मला शुभंकरोतीच्या आधी तेच पाठ झालं असणार. माझा स्वभाव संशयी आहे असं नवरा म्हणतो. मी त्याला चौकसपणा म्हणते.

अशा बाईने दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत पार्सिपनीला येऊन संसार मांडला. महिन्याभरात जे झालं ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं, आणि मग अख्खा देशच माझ्यासारखा झाला. दुकानात बाया माझ्या नवऱ्याच्या दाढीकडे बघत. पोस्टात माझं पार्सल दोनदा उलटंपालटं करून बघितलं गेलं. खरं सांगते, राग आला, पण मनात कुठेतरी बरंही वाटलं. मी एकटीच अशी नव्हते तर.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती राहायला आली. एकटी. तिशीच्या आत-बाहेरची, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल अशी उंच, खांदे पुरुषासारखे. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. जिन्यात भेटली की मान हलवायची, बस. मला ते आवडलं होतं. अमेरिकेतल्या त्या ओळख ना पाळख तरी हसणाऱ्या लोकांवर माझा कधीच भरवसा बसला नाही.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी तिच्या घरातून किंकाळी आली. मी दार उघडते तो ती जिन्यातच उभी. अंगठा आणि शेजारची दोन बोटं ताठ करून हात वर धरलेला, डोळ्यांत पाणी. मला धरलं आणि गालांवर मुके घेतले. एक, दोन, तीन. सख्ख्या आईने मला असं कधी केलं नव्हतं. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, माझंही काही विलायतेचं नव्हतं. शेवटी कळलं ते असं, की बास्केटबॉलच्या विश्वचषकात तिच्या देशाने अमेरिकेला हरवलं होतं. अमेरिकेतच. पुढच्या दोन-चार दिवसांत ते जगज्जेतेही झाले आणि तिने केक आणून दिला.

मी केक घेतला आणि दार लावून घेतलं. नवऱ्याला म्हटलं, "अहो, या दिवसांत अमेरिका हरली म्हणून कोणी असं जिन्यात ओरडतं का? आणि ती तीन बोटं कसली?"

"बास्केटबॉल आहे गं," तो म्हणाला. "कुठली आहे ती?"

"युगोस्लाव्हिया म्हणाली."

"अरे वा, अलिप्ततावादी!" शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं, आणि तेवढ्यावर त्याने तिला चांगली ठरवली.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी तीन मुके आणि तीन बोटं ऐकूनच निकाल दिला. तीन तिघाडा, काम बिघाडा. पानात तीन पोळ्या वाढल्या तर चौथीचा तुकडा टाकणारं आमचं घर. आणि ही बाई सगळं तीनदा करते. तीन मुके ही त्यांच्याकडची रीत आणि तीन बोटं ही जिंकल्याची खूण, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

खरा घोळ पुढे सुरू झाला. वर्षभराने डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये भेटली तेव्हा कोणीतरी तिला कुठली म्हणून विचारलं. ती म्हणाली, "सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो." मी कान टवकारले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला की देशाचं नाव बदललंय. ठीक. दोन हजार सहामध्ये ती नुसतं "सर्बिया" म्हणू लागली. माझ्या माहितीत घर बदलणारी माणसं होती, नोकऱ्या बदलणारी तर आमच्या बिल्डिंगभर होती. एका सोफ्यावर बसून तीन देश बदलणारी ही पहिलीच.

आणि पदकं मात्र सगळी हिचीच. सिडनी ऑलिंपिकला पुरुषांचं व्हॉलीबॉलचं सुवर्ण, ते आमचं. कोणत्या नावाने? युगोस्लाव्हिया. अथेन्सला वॉटर पोलोचं रौप्य, तेही आमचंच. कोणत्या नावाने? सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो. ब्याण्णव साली बार्सिलोनाला नेमबाजांनी घेतलेली पदकं? तीही आमची. कोणत्या देशाच्या नावाने?

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "तेव्हा आमच्यावर बंदी होती. एकेकट्याला खेळू दिलं, पण झेंडा नाही, गाणं नाही."

देशाशिवाय पदक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मी नुसतं "हो का" म्हटलं. हा माझा "हो का" ज्यांना ठाऊक आहे ते पुढे बोलत नाहीत. तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, त्यांच्याकडच्या काही पोरी पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात टेनिस शिकल्या, दुसरी जागाच नव्हती म्हणून. भिंत इतकी जवळ, की चेंडू तिरपा मारताच यायचा नाही. म्हणे या पोरी लवकरच जगात पहिल्या येतील. मी पुन्हा "हो का" म्हटलं. काही महिन्यांनी नवऱ्याने इंटरनेटवर तलावाची हीच गोष्ट वाचली आणि मोठ्या उत्साहाने मला दाखवायला आला. इंटरनेटवर काय, कोणीही काहीही लिहितं.

ती स्वतः व्हॉलीबॉल खेळायची. ज्युनिअर राष्ट्रीय संघात होते, म्हणाली.

"कुठे खेळलीस?"

"कुठेच नाही."

पुढे मी काय विचारणार? एकही सामना न खेळलेली राष्ट्रीय खेळाडू. पारडं उलटं करायलाही पारडं हवं ना.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण तिची नजर माझ्या पोरीवर गेली. पोरगी बारा वर्षांची असतानाच माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत बाया मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, हिला मुलगा कुठला शोधणार बाई. पोर खांदे पाडून चालायला लागली होती. एके दिवशी जिन्यात शेजारणीने तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ते मागे ओढले, आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळी लाँड्री रूमच्या मागे ये."

लाँड्री रूमच्या मागे बिनखिडकीची विटांची भिंत होती. मी पहिले कित्येक दिवस कपडे धुवायच्या निमित्ताने तिथे उभी राहायचे. चेंडू नव्हताच. ती पोरीला पडायला शिकवत होती. गवतावर एका कुशीवर घसरायचं, उठायचं, पुन्हा घसरायचं. पोरीच्या गुडघ्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग.

"हे कसलं कोचिंग?" मी विचारलं.

"पडायची भीती गेली की चेंडूपर्यंत पोचता येतं," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच सुरू करतात."

फी घेत नव्हती. एवढ्या एका गोष्टीने माझी झोप उडाली. या देशात फुकट काही नसतं, हे मला दुकानातल्या बाय-वन-गेट-वननेच शिकवलं होतं. मग हिला हवंय काय? मूल नाही, माणूस नाही, नातेवाईक सगळे समुद्रापलीकडे. आणि माझी एकुलती एक पोरगी रोज संध्याकाळी हिच्यापाशी. मला कसली भीती वाटत होती ते मी तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नाही. मला वाटत होतं, पोर हातची जाईल.

तशी ती जातही होती. आमच्या ओळखीच्या बायांना काकू, मावशी म्हणताना जिची जीभ अडखळायची, ती शेजारणीला "तेता" म्हणू लागली. त्यांच्या भाषेत मावशी-आत्याला म्हणतात म्हणे. शाळेतल्या गोष्टी आधी तेताला, मग मला, आणि मला त्यातल्या निम्म्याच. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. पोरीचे खांदे मात्र सरळ झाले होते. ते मी बघत होते, आणि त्याचाही मला राग येत होता.

पोरगी शाळेच्या टीममध्ये आली, मग एका क्लबच्या टीममध्ये. दोन हजार सातच्या वसंतात, अकरावीत असताना, त्यांच्या टीमला पेनसिल्व्हेनियात एका स्पर्धेचं बोलावणं आलं. कॉलेजांचे कोच मुली निवडायला येणार होते. पोर आठवडाभर नीट जेवली नव्हती. तिला या खेळावर कॉलेजात जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. तोंडाने तिने मला हे सांगितलं नव्हतं, पण आईला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. नवरा ऑफिसच्या कामाने शिकागोला. शनिवारी सकाळी टीममधल्या दुसऱ्या मुलीची आई व्हॅन घेऊन आली. मी पोरीच्या हातावर दही घातलं, तिने ते घाईत चाटलं आणि पळाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. सासूबाईही पाठोपाठ आल्या.

शेजारीण खाली फुटपाथवर उभी होती, अंगात झोपायचा गाऊन, हातात पाण्याने भरलेला काचेचा जग. व्हॅन निघाली. कोपऱ्यापाशी पोचते न पोचते, तोच तिने तो अख्खा जग व्हॅनच्या मागे, रस्त्यावर उपडा केला. पाणी फुटपाथवरून ओघळत गटाराच्या जाळीपर्यंत गेलं. तिने जग झटकला आणि वर निघून गेली.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "अगं बाई! हे काय केलं तिने?"

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की मागे केर काढत नाहीत, अंगणात पाणी टाकत नाहीत. नवरा शिकागोला निघाला त्या दिवशी सासूबाई तासभर आंघोळीला गेल्या नव्हत्या. का, ते सांगायला लागत नाही. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच मागे पाणी ओततात, ते एकदाच, तिरडी उचलल्यावर. माझ्या वडिलांना नेलं तेव्हा शेजारच्या बाईने आमचा ओटा असाच धुतला होता. तो आवाज मला माहीत होता.

मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. "साधं पाणी आहे यार, सोड ना."

"साधं कसं? तिने मुद्दाम थांबून, व्हॅन निघाल्यावर ओतलं."

"मग तिलाच विचार. समोरच राहते."

समोरच राहते, हे मलाही माहीत होतं. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. सासूबाई देवापाशी बसल्या आणि मी गाडीची किल्ली घेतली. हायवेवर मी तोवर एकटी कधी गेले नव्हते. मर्ज होताना, म्हणजे धावत्या गाड्यांत शिरताना, ट्रक अंगावर येतोय असं वाटून डोळे मिटायचे, म्हणून नवरा मला गाडी नेऊच द्यायचा नाही. त्या दिवशी मी पेनसिल्व्हेनियापर्यंत उजवी लेन धरून, रामरक्षा म्हणत, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात गेले. एकच डोक्यात होतं. पोरीला त्या कोर्टवर उतरू द्यायचं नाही. आज नाही. कॉलेज गेलं खड्ड्यात.

तो हॉल म्हणजे विमानाचं गोदाम असावं एवढा मोठा होता. आत एकाच वेळी कितीतरी सामने चालू, शिट्ट्या, चेंडूंचे आवाज, बुटांची किरकिर. मला पोर कुठे दिसेना. त्यांचा कोच ओळखीचा होता, टोपीवाला, हातात फळा. तो एका टेबलापाशी उभा होता. मी त्याला गाठलं, दोन शब्द बोलले, आणि पुढे गेले. पोर वॉर्म-अप करत होती. मी तिला हाताने धरून कोकच्या मशीनमागे नेलं.

"मॉम? व्हाय आर यू हिअर? बाबा ठीक आहे ना?"

"तू घरी चल. आज खेळायचं नाही."

मी तिला पाण्याचं सांगितलं. तिरडीचंही सांगितलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली नाही. तिने नुसते डोळे मिटले आणि उघडले.

"शी डझ दॅट एव्हरी टाइम," ती म्हणाली. "मॅथ्सच्या टेस्टला पण. मी सेव्हन्थ ग्रेडला होते तेव्हापासून. गुड लक असतं ते, मॉम."

"मग मला कधी का नाही बोललीस?"

"कारण तू हेच केलं असतंस."

एवढ्यात शेजारीणच समोरून आली. तिची स्वतःची गाडी होती, माझ्यानंतर निघूनही ती माझ्या पाठोपाठच पोचली होती. पोरीने तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिला हसू आलं नाही. ती माझ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द शोधत बोलली. निघालेल्या माणसामागे पाणी ओततात, म्हणजे त्याचं काम पाण्यासारखं सुरळीत जावं. ती अठरा वर्षांची असताना तिचा संघ बसने स्पर्धेला निघाला, तेव्हा बाराही मुलींच्या आयांनी बसच्या मागे बादल्या ओतल्या. सरहद्दीवर बस थांबवली. बंदी लागली होती. रात्रभर तिथे बसल्या आणि परत आल्या.

"मग उपयोग काय त्या पाण्याचा?" मी विचारलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आई दुसरं काय करणार?"

ती सहज बोलून गेली होती. पण मला ते जिथे लागायचं तिथे लागलं. आई मी होते. पोरगी माझी होती. आणि तिच्या प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक सामन्याला मागे पाणी ओतलं जात होतं, इतकी वर्षं, हे एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. तरी वडिलांची लेक आहे मी. गोष्ट खरी कशावरून, असंही त्याच क्षणी मनात आलंच. पण बस सरहद्दीवरून परत आली असं सांगताना त्या बाईने जे डोळे खाली केले, त्यात चिंचेचा गोळा नव्हता. एवढं मला कळतं.

"जा," मी पोरीला म्हटलं. "खेळ."

आम्ही दोघी कोर्टच्या कडेला पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या बाकांवर शेजारी शेजारी बसलो. पहिला सेट पोर अशी खेळली, की मी तिला ओळखलं नाही. चेंडू पडतोय म्हणेपर्यंत ती त्याच्याखाली, एका कुशीवर घसरत, आणि चेंडू वर. शेजारीण ओरडत नव्हती. मांडीवर मूठ आपटत होती फक्त. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला कॉलेजांची नावं छातीवर लिहिलेली चार-पाच माणसं आमच्या कोर्टपाशी येऊन उभी राहिली. मी देवाचं नाव घेतलं.

आणि नेमकं तेव्हा टोपीवाल्या कोचने पोरीला बाहेर बसवलं. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. का, ते मला आजही माहीत नाही. सगळ्यांना संधी द्यायची असेल. दुसऱ्या कोणाच्या बापाने फोन केला असेल. पोर खुर्चीवर हात मांडीखाली घालून बसली, आणि तो सेट संपेपर्यंत तशीच होती. तिसऱ्या सेटला तिला आत घेतलं, तोवर ती माणसं पुढच्या कोर्टकडे गेली होती.

सामना संपल्यावर ती आमच्याकडे आली. मला वाटलं, रडेल. मी उठून हातही पुढे केले. ती दोन पायऱ्या खालीच थांबली. तिथून ती माझ्यापेक्षा उंच दिसत नव्हती.

"तू कोचशी बोलत होतीस," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे किती गंभीर होतं ते बघा. "मी बघितलं. टेबलापाशी. मॅचच्या आधी."

"हो."

"काय सांगितलंस त्याला?"

"बाथरूम कुठे आहे, ते विचारलं."

हे खरं होतं. देवाशपथ खरं होतं. दीड तास मी गाडीत बसून होते, त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बाई माणूस दुसरं काय विचारणार? मी शेजारणीकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल, पोरीला समजावेल, असं वाटलं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती.

पोरगी माझ्याकडे बघत होती. मान जराशी तिरकी, डोळे बारीक, खालचा ओठ दातांत धरलेला. हा चेहरा मी इतवारीत पाहिला होता, आणि रोज आरशात बघत होते. तिच्यावर तो पहिल्यांदाच दिसला.

तिने मला खोटारडी म्हटलं असतं, तर मी भांडले असते. मला भांडता येतं. ती नुसतं "हो का" म्हणाली, आणि बॅग खांद्याला लावून व्हॅनकडे चालती झाली.